कुलपात राहिलेले सतरा डबे

आमच्या वस्तीत, माझ्या चक्कीच्या समोरच्याच प्लॉटवर मोठा मार्ट उघडणार होता, म्हणून आम्ही दुकानदारांनी बंद पाळला होता. त्या बंदची खरी गोष्ट कोणी सांगत नाही. मी सांगतो, कारण अर्धी चूक माझी होती.

मी पिठाची चक्की चालवतो. चौथीपर्यंत शिकलो, पुढे दळणच दळलं. बायको असताना ती डबे घेई, मी दळी. ती गेली त्याला आता दुसरं वर्ष लागलं. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, बाबा, बंद करा, गाळा भाड्यानं देऊ. त्याला काय सांगू? चक्की बंद झाली तर दिवसभर घरात तिच्या रिकाम्या खाटेसमोर बसावं लागेल. म्हणून मार्टाची मला भीती होती. तिथे कणीक थैलीत मिळणार होती.

बंदचा पुढारी माझा शेजारी, किराणावाला. तीस वर्षांची दोस्ती. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांनी शटर पाडायचं अन् मार्टासमोर मांडव टाकून बसायचं, असं त्यानं ठरवलं.

"तुही चक्की बी बंद राहीन गा," तो मला म्हणाला.

सकाळी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली अन् पहिल्या रांगेत जाऊन बसलो. आदल्या दिवशी लाइट गेल्यामुळे सतरा डबे दळायचे राहिले होते. ते आतच.

नऊ वाजल्यापासून बायका यायला लागल्या. "काका, माहा डबा?"

मी तोंड उघडायच्या आधी पुढारी बोले, "आज बंद हाय ताई. एक दिवस भात खा."

"अन् शुगरवाल्या सासऱ्याले काय वाढू, तुमचं भाषण?" एक जण म्हणाली अन् सरळ मार्टात शिरली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. किराणा बंद, भाजी बंद, चक्की बंद. त्यांना दुसरीकडे जायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. मार्टवाल्यांनी नुसते फुगे लावले होते, गर्दी आम्ही पुरवली.

माझ्या बायकोनं कोणाचं धान्य कधी अडवून ठेवलं नाही. लाइट गेली तर घरची कणीक वाटीनं देऊन टाके. हे मला तिथे बसल्या बसल्या आठवत होतं, तरी किल्ली दाबून बसलो. दोस्ताला काय वाटेल, म्हणून.

अकराच्या सुमारास पुढाऱ्याची स्वतःची बायको मार्टातून बाहेर आली. दोन्ही हातांत कणकेच्या थैल्या. पुढाऱ्याची घोषणा अर्धीच राहिली.

"काहून वं, तू तिथं कायले गेलती?"

"मंग काय करू? चाळीस माणसाईच्या पोळ्या तुमीच सांगतल्या. अन् माहा डबा भावजीच्या कुलपात."

"अवं, पण लोक पाहून राहिले ना!"

"पाहू द्या. जेवाले बी तेच येतीन."

एक वाजता पोळ्या अन् आलू-वांग्याची भाजी मांडवात आली. पोळी गार झाली होती अन् चिवट, तोडायला दोन हात लागत होते. कोणी कोणाकडे पाहेना. शेवटी भाजीवाला हळूच म्हणाला, "आधी मुर्दाबाद म्हणाचं, का आधी जेवाचं?"

मला हसू फुटलं. ठसका लागेपर्यंत हसलो. बायको गेल्यापासून चारचौघांत असा हसलो नव्हतो. पुढारी आधी माझ्याकडे रागानं पाहत राहिला, मग त्यालाही हसू आवरेना अन् तोंडातला घास बाहेर आला.

"जाय गा," तो डोळे पुसत म्हणाला, "उघड तुही चक्की. नाही तं संध्याकाळी बी हेच खा लागन."

मी कुलूप काढून चक्कीचा पट्टा चढवला. मांडवातलेच दोघे डबे उचलून द्यायला आले. आवाज ऐकून शुगरवाल्या सासऱ्याची सून थैली घेऊन तशीच दारात आली. "काका, माही ज्वारी जाडी काढा. हे थैली मी पाहुण्याईले ठेवतो."

संध्याकाळपर्यंत सतराही डबे घरोघरी गेले.

मार्ट आजही समोर आहे, चांगला चालतो. साबण मी तिथूनच आणतो, खोटं कशाला बोलू. डबे पूर्वीपेक्षा कमी येतात. पण सकाळी पट्टा चढवला की दुपार कधी झाली ते कळत नाही, अन् मला तेवढंच पाहिजे होतं.