रोजातला मटणरस्सा

रोजा असताना आयुष्यातला पहिला रस्सा रांधणाऱ्या माणसाने त्याच सायंकाळी सासऱ्यांना इफ्तारला बोलावू नये, असे माझे नम्र मत आहे.

माझी पत्नी नसीम कामरगावात परिचारिका. रमजानमध्येही तिची ड्यूटी चुकेना, तेव्हा तिच्या वडिलांनी शेलूबाजारहून फोनवर बजावले, "दामादले रोजात गरम जेवण भेटत नसन, तर नसीमनं नोकरी सोडावी! मी येऊनच पाह्यतो."

मी (जन्माचा भिडस्त, पण त्या क्षणी नको तितका विद्वान) उत्तरलो, "अब्बा, पैगंबरसाहेब स्वतः घरकामाला हात लावत. इफ्तार मी करीन!"

रस्सा उकळला आणि मिठाचा प्रश्न उभा राहिला. नसीमला फोन केला.

"जिभेच्या टोकावर घ्या अन् थुंका. गरजेपुरतं चालते."

"आणि चुकून गिळले गेले तर?"

"मंग पेशंट सोडून मी येऊ काय चाखाले?"

वाटी घेऊन शेजारच्या कल्पनाताईंकडे गेलो. त्या दोन पावले मागे सरल्या. "भाऊ, आज गुरुवार हाय! मटन कशी चाखू?"

उरल्या माझ्या अम्मी. वय आणि रक्तदाब यांमुळे त्यांना रोजा माफ.

"अळणी हाय रे."

मी चमचाभर मीठ घातले. दुसरी वाटी. "अजून टाक." तिसरी. "आता जराशी चव येऊन राह्यली!" चौथ्या वाटीबरोबर त्यांनी भाकर मागितली! तेव्हा मला स्मरण झाले, की डॉक्टरांनी त्यांचे मीठ सहा महिन्यांपूर्वीच बंद केले होते.

"अम्मी, खारट तर नाही ना झाला?"

"सहा महिन्यानं माणसासारखं जेवली, बेटा!"

तेवढ्यात अजान झाली. तोवर येऊन बसलेल्या अब्बांनी खजूर खाल्ला, रश्श्यात भाकर बुडवली, घास घेतला आणि डोळे मिटले. मग सलग तीन पेले पाणी प्याले. नुकतीच आलेली नसीम दारातच थिजली. तिच्या नोकरीचा फैसला त्या घासात होता!

"हे कोनं बनवलं?"

"यायनं, अब्बा."

"मंग नोकरी सोडू नको, बेटी. ह्या घरात एक माणूस दवाखान्यातलं पायजेच!"

हल्ली अब्बा दर रमजानला येतात, पण इफ्तारचा डबा स्वतःच्या घरून आणतात. नोकरी करणाऱ्या लेकीला वडिलांनी केलेली ती मदत आहे, असे मी लोकांना सांगतो.