तेरा जणींचं ‘कधीच नाही’

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मला मरणाची भीती वाटायची, आणि तीही बसमध्ये. नारायण पेठेतल्या घरून लोणी काळभोरच्या कॉलेजला जाताना हडपसर मागे पडलं की छातीत धडधडायला लागायचं, हातपाय गार पडायचे, श्वास गळ्यातच अडकायचा. आता आपण संपलो, असं वाटायचं. वीसेक मिनिटांनी सगळं ओसरायचं आणि मी ओढणी नीट करून लेक्चरला जाऊन बसायचे. घरी सांगितलं नाही. आई म्हणाली असती, नाश्ता न करता जातेस, दुसरं काय होणार.

त्या वर्षी मंदी होती. आमच्या आधीच्या बॅचला खराडीच्या कंपन्यांनी दिलेली ऑफर लेटरं परत घेतली होती. कॅम्पस इंटरव्ह्यूची धास्ती सगळ्यांनाच होती, पण ती दाखवायची नाही, हे आम्हाला पढवलेलं होतं. ‘तुमचा एखादा दोष सांगा’ असं विचारलं, तर ‘मी कामात फार बुडून जाते’ म्हणायचं. हा दोष वर्गातल्या साठही जणांना होता.

अशात कॉलेजने माइंडफुलनेसचं ट्रेनिंग ठेवलं. शिकवायला आलेल्या बाई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या होत्या. दर रविवारी त्या आपल्या भागातल्या विहारात मुलांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गात वीस प्रश्नांचा फॉर्म वाटला. वर नाव लिहायचं होतं. पाच मिनिटांत बातमी पसरली, की हा फॉर्म प्लेसमेंट सेलकडे जाणार आणि तिथून कंपनीकडे. कुणी पसरवली, देव जाणे. चोराच्या मनात चांदणं. मला ती लगेच पटली.

‘विनाकारण भीती वाटते का?’ मी ‘कधीच नाही’वर खूण केली. झोप उत्तम, भूक उत्तम. अडले ती अकराव्या प्रश्नाशी. ‘मनातलं बोलायला कुणी आहे का?’ हो म्हटलं तर कंपनी विचारणार, असं बोलण्यासारखं तुमच्या मनात आहे तरी काय? नाही म्हटलं तर एकलकोंडी ठरणार. तो मी कोराच सोडला आणि फॉर्म सवयीने बेंचच्या मधोमध सरकवला. चार वर्षं माझी जर्नल्स अशीच मधोमध सरकत आली होती. माझं अक्षर बरं होतं, उत्तरं सहसा बरोबर असायची, आणि उतरवून घ्यायला देणं हीच आमच्यातली मैत्री होती. शेजारी बसणारी माझी मैत्रीण लोणीचीच होती. आधी तिने उतरवून घेतलं, मग फॉर्म मागच्या बेंचवर गेला.

पुढच्या आठवड्यात आम्ही हॉलमध्ये सतरंजीवर बसलो. चपला दाराबाहेर काढल्या होत्या. बाईंनी फॉर्मचा गठ्ठा समोर ठेवला.

“तेरा मुलींना अकराव्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि त्याच तेरा जणींचं सुख खुणेला खूण जुळेल इतकं सारखं आहे. अहो, पस्तीस वर्षं मी फॉर्मच तपासलेत. हे फॉर्म माझ्यापाशीच राहणार आहेत. ज्यांना नवा हवा असेल, त्यांनी शेवटी घेऊन जा. आता डोळे मिटा.”

हशा पिकला. सगळ्यांबरोबर मीही डोळे मिटले. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं, म्हणजे ज्याला मी महिनोन् महिने चुकवत होते त्याच्याच समोर जाऊन बसायचं. दुसऱ्या की तिसऱ्या श्वासाला धडधड सुरू झाली. मी घाबरून डोळे उघडले. शेजारची मैत्रिणीची जागा रिकामी होती.

मी दबक्या पावलांनी बाहेर आले. इंटरव्ह्यूसाठी घेतलेल्या तिच्या नव्या सँडल दाराशी जिथल्या तिथे होत्या. त्या सँडलना ती पावसाच्या पाण्याचा थेंबसुद्धा लागू देत नसे. ती अनवाणी कुठे गेली असेल? तेव्हा मला खरी भीती वाटली. स्वतःच्या मरणाला मी कधी एवढी भ्याले नव्हते. कॅन्टीन पाहिलं, लायब्ररी पाहिली, मग जिना चढून गच्चीकडे धावले. चढताना जे जे मनात आलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. ते मी दोनदा ओढून पाहिलं.

ती सापडली खालच्या मजल्यावर, मुलींच्या बाथरूममध्ये. भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. ओठ पांढरे पडले होते आणि दोन्ही हात छातीवर दाबून धरले होते.

“मी मरती का गं?” तिने विचारलं.

“नाही.” मी तिच्याजवळ खाली बसले. तिचे हात बर्फासारखे गार होते. “वीस मिनिटांत जातं हे. मला माहितीये. मला रोज होतं, बसमध्ये.”

तिचा श्वास हळूहळू खाली बसला, तेव्हा ती म्हणाली, “मग तू ‘कधीच नाही’ का लिहिलंस? तुझं उत्तर कधी चुकत नाही. मला वाटलं, समद्यांचं नीट हाय, येडी मी एकटीच हाय.”

मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

हॉल रिकामा झाला होता. बाई सतरंजीची घडी घालत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि दोन कोरे फॉर्म काढून दिले. आम्ही पायरीवर बसलो. फॉर्म कंपनीकडे जाणार, हे भूत माझ्या मानगुटीवरून अजून उतरलं नव्हतं. भीतीच्या प्रश्नाला ‘रोज’वर केलेली खूण वाकडी आली. अकराव्यापाशी पुन्हा थांबले. शेजारी ती अनवाणीच बसली होती. मी ‘हो’वर खूण केली आणि फॉर्म नेहमीसारखा दोघींच्या मधोमध सरकवला.

तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पालथा करून माझ्याकडे परत सरकवला, आपला कोरा फॉर्म पुढे ओढला आणि म्हणाली, “पेन दे.”