ट्रेखालचं पाणी

भूकंपानंतर आम्ही निलंग्याकडच्या आमच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. तिथे माझ्या वडिलांचा, अप्पांचा, एकच कायदा होता: भांडी विसळलेलं पाणी दाराशी लावलेल्या मिरच्यांना. एक तांब्या वाया गेला तरी घर डोक्यावर घ्यायचे. ही सवय पुढे माझ्या मुळावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

लातूरला खोली घेऊन दोन वर्षं क्लास केले आणि मेडिकल हुकलं. नातेवाईक सांत्वनाला आले, जसं काही घरात कुणी गेलंय. मला असा राग आला की सरळ शेतकी कॉलेजात नाव घातलं आणि पुढे संशोधनाला मिरचीच घेतली. माझं म्हणणं एवढंच होतं: मिरचीत एक जनुक आहे, ते बाकीच्या जनुकांना कामाला लावतं, उन्हात झाडाला तेच सावरतं आणि मर रोगाच्या जिवाणूंशीही तेच लढतं. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "ऊन वेगळं, रोग वेगळा. हा हंगाम बघ, नाहीतर विषय बदल."

मग काचघरात दोन ट्रे कडक उष्णतेत ठेवले. एकातल्या रोपांचं ते जनुक मी गप्प केलेलं, म्हणजे बंद पाडलेलं, दुसऱ्यातलं शाबूत. रोग दिलेली रोपं बाहेर ओट्यावर, वेगळ्या ट्रेमध्ये.

एके दिवशी अप्पा डबा घेऊन आले. मी हात धुऊन येईपर्यंत त्यांनी ओट्यावरच्या, माना टाकलेल्या रोपांना पोटभर पाणी पाजलं आणि त्या ट्रेखाली साचलेलं पाणी आतल्या दोन्ही ट्रेंना वाटून टाकलं.

"अप्पा, काय केलंत हे! रोगाचं पाणी व्हतं ते!"

"मला काय ठाव? लई सुकून राहिली व्हती लेकरं. पाणी काय फेकून द्यावं?"

मी ढसाढसा रडले. हंगाम गेला, विषय गेला. ट्रे फेकायला उचललेसुद्धा. पण मनात आलं, मे महिन्यात रानात तरी ऊन आणि रोग कुठे पाळी लावून येतात? ट्रे परत जागेवर ठेवले.

आठवड्याभरात जनुक गप्प केलेली रोपं आडवी झाली. शाबूत असलेली ताठ उभी! मेलेल्या रोपाचं खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं, तर जिवाणूंची दुधासारखी तार खाली उतरली. मग उभ्या रोपाचं धरलं. पाणी नितळच राहिलं. मी काचघरात एकटीच नाचले, सांगायला लाज कसली! नंतर हेच मुद्दाम, मोजूनमापून पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी तेच. सरांनी विषय बदलायचं नावसुद्धा काढलं नाही.

अप्पांना दोन्ही ग्लास दाखवायला बोलावलं. त्यांनी दुधाळ पाण्याचा ग्लास उचलून उजेडात धरला.

"म्हंजी हे मी तुझ्या रोपांला पाजलं? आन् तरी जगली ती?"

"जगली, अप्पा. जितलो आपण."

त्यांनी डोळे पुसले आणि गढूळ ग्लास माझ्या हातात दिला. "ह्ये टाकून दे," म्हणाले. अप्पांच्या तोंडून पाणी टाकायची गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.