तिसऱ्यांचं काय निघालं?

आमच्या कॉलेजात ‘संशोधन कक्ष’ अशी पाटी असलेली एक खोली आहे. पूर्वी तिथे कॅरमबोर्ड आणि फुटलेले फुटबॉल ठेवत. आता तिथे मला ठेवलं आहे. प्राध्यापकांना संशोधनासाठी निधी मिळवून देणं, बाहेरच्या लोकांशी त्यांची गाठ घालून देणं आणि अधूनमधून त्यांना चार नव्या गोष्टी शिकवणं, ही माझी कामं. मी स्वतः शेवटचं संशोधन केलं त्याला पंचवीस वर्षं झाली, त्यामुळे इतरांना मार्गदर्शन करायला वेळ भरपूर मिळतो.

करारांच्या बाबतीत तर माझा हात धरणारा कोणी नाही. वालीवचा प्लास्टिकच्या झाकणांचा एक कारखाना, राजोडीचं एक रिसॉर्ट, एक मोटार ड्रायव्हिंग स्कूल, असे तेवीस सामंजस्य करार मी केले. प्रत्येक वेळी शाल, नारळ आणि दोघांनी दोन बाजूंनी एकच फाइल धरलेला फोटो. फोटोनंतर त्या फाइलचं काय करायचं असतं, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

शिवाय दर वर्षी नव्या प्राध्यापकांना मी ‘संशोधनातली नीतिमत्ता’ शिकवतो. त्यातली नववी स्लाइड अशी : ‘ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांना निष्कर्ष सांगा.’ ती मी आजवर अकरा वेळा दाखवली आहे. ती आली की मी थांबतो आणि घोटभर पाणी पितो, म्हणजे मुद्दा ठसतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ही म्हण मला शाळेपासून पाठ होती. ती दुसऱ्यांसाठी आहे अशी माझी समजूत होती.

ही समजूत ज्यांनी दूर केली त्या मेरीताईंची आणि माझी ओळख सत्त्याण्णव सालची. मी तेव्हा पीएच.डी.ला नाव घातलं होतं आणि विषय होता खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या. तोवर तिसऱ्या मी फक्त ताटात पाहिल्या होत्या. वसईत पाचूबंदरच्या बाजूला ओहोटी लागली की कोळणी खाडीच्या चिखलात उतरून त्या वेचायच्या. पहिल्याच दिवशी मी नवे बूट घालून उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. बाहेर पडायची धडपड केली तसा मांडीपर्यंत गेलो. बायका हसत होत्या. त्यातली एक पुढे आली, माझ्या काखेत हात घालून तिने मला उपटून काढलं आणि मास्तरांना नक्की काय पाहिजे ते विचारलं. त्या मेरीताई. माझा एक बूट अजून खाडीतच आहे.

काय पाहिजे ते मी सांगितलं. त्यानंतर दोन वर्षं, दर उधाणाला, चार ठिकाणच्या बारा बारा तिसऱ्या ओल्या फडक्यात बांधून आणि प्रत्येक फडक्याला वेगळ्या रंगाचा दोरा लावून मेरीताईंनी मला आणून दिल्या. एकदाही खाडा केला नाही. त्यांचे यजमान फर्डिनंड पाय मोडून घरी बसले होते तेव्हाही नाही, आणि धाकट्या मुलीच्या वेळी आठवा महिना लागला तेव्हाही नाही. त्या महिन्यात त्यांनी जावेला चिखलात उतरवलं आणि स्वतः काठावरून ओरडत राहिल्या. कुठल्या दिवसांत तिसऱ्या दुधाळ होतात, म्हणजे आतलं मांस पांढरं आणि गच्च भरलेलं होतं, हेही त्यांनीच मला दाखवलं. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, आलेख काढले आणि डॉक्टर झालो. प्रबंधाच्या सुरुवातीला मी मार्गदर्शक, प्राचार्य, सासरे आणि टायपिस्ट यांचे नाव घेऊन आभार मानले. शेवटी ‘तसेच स्थानिक मच्छीमार’ असं लिहिलं.

पेढे मात्र आठवणीने नेऊन दिले. मेरीताईंनी पेढा खाल्ला आणि विचारलं, “त्या तिसऱ्यांचं काय निघालं, मास्तर?”

“पीएच.डी. निघाली, मेरीताई,” असं म्हणून मी माझ्याच विनोदाला हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

पुढे दहाएक वर्षांत त्या खाडीतल्या तिसऱ्या संपत गेल्या. आधी टोपलीभर मिळायच्या त्या वाटीभर मिळू लागल्या, मग बायकांनी चिखलात उतरणंच सोडलं. मेरीताई लिलावात मासळी घेऊन वसईच्या बाजारात विकायला बसू लागल्या. आज साठी ओलांडली तरी त्यांची जागा तीच. मासळी शिळी असली तर त्या गिऱ्हाइकाला आपणहून सांगतात, आज नको नेऊ, उद्या ये. त्यामुळे शेजारच्या कोळणींशी त्यांचं आठवड्यातून दोनदा वाजतं. रविवारी चर्चमध्ये त्या इतरांच्या अर्धी ओळ पुढे गातात आणि बाकीचे मागे राहिले म्हणून नंतर त्यांनाच बोलतात. कोणाला काय सांगायचं राहिलं असेल तर ते त्या मिसाच्या प्रार्थनेआधी सांगून टाकतात, हे मला त्यांच्या जावेने सांगितलं. थोडक्यात, माझ्यासारख्या माणसाने ज्यांच्यापासून लांब राहावं अशा बाई.

आणि मी राहिलोही. कारण बाजारात गेलो की पापलेटाचा भाव सांगण्याआधी त्या तोच प्रश्न विचारायच्या. चारचौघांत मी ‘अभ्यास चालू आहे’ असं म्हणायचो. प्राध्यापकाचा अभ्यास चालू आहे हे ऐकून लोक आदराने गप्प बसतात, असा माझा अनुभव. मेरीताई म्हणायच्या, अजून चालू हाय? शेवटी मी एव्हरशाईन सिटीतल्या दुकानातून थंडगार पाकिटातली मासळी आणायला लागलो. बायकोला सांगितलं की त्या बाजारात पार्किंग मिळत नाही. माझ्याकडे स्कूटर आहे.

हे असंच निभावलं असतं, पण मध्ये अनुष्का आली. ही आमच्या प्राणिशास्त्र विभागातली तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका. दोन कॉलेजांत मिळून शिकवते, मधल्या वेळात रिक्षात डबा खाते आणि तरीही तिला संशोधन करायचं आहे. माझ्या पाहण्यात असा रोग आता दुर्मीळ झाला आहे. तरुण प्राध्यापकांसाठी विद्यापीठाची एक योजना निघाली होती. दोन वर्षांचा निधी, प्रयोगशाळा, आणि त्या काळात तासांमागे धावण्याची गरज नाही. अट दोन : वय पस्तिशीच्या आत, आणि स्थानिक लोकांपैकी कोणीतरी या कामात भागीदार असल्याचं सहीचं पत्र. अनुष्काला पस्तिसावं पूर्ण व्हायला चार महिने होते. म्हणजे ही शेवटची खेप. तिचा विषय होता, खाडीतल्या तिसऱ्या का संपल्या आणि त्या पुन्हा वाढवता येतील का. भागीदार म्हणून तिने निवडला तो पाचूबंदरच्या बायकांचा बचत गट. त्याच्या अध्यक्ष मेरीताई.

अनुष्का एकटी जाऊन आली आणि खुशीत सांगू लागली, “सर, काम झाल्यातच जमा आहे. त्या सही देतायत. फक्त म्हणाल्या, आधी तुमच्या सरांना पाठव, पयलं काय निघालं ते सांगूं दे, मग दुसरं. तुम्ही त्यांना ओळखता हे बोलला नाहीत कधी?”

मी म्हणालो, त्यात काय, सांगू की. आणि माझ्या पद्धतीने कामाला लागलो. पहिल्या खेपेला शाल आणि नारळ घेऊन गेलो. मेरीताईंनी शाल अंगावर घेतली, चांगली ऊब हाय म्हणाल्या, नारळ मासळीच्या पाटीत ठेवला आणि प्रश्न विचारला. मी प्रजनन, ऋतुमान आणि परस्परसंबंध हे तीन शब्द एकाच वाक्यात घालून उत्तर दिलं. म्हंजे काय, असं त्यांनी विचारताच मला तासाची आठवण झाली आणि मी निघालो. दुसऱ्या खेपेला कॉलेजचं सन्मानपत्र नेलं, त्यावर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत छापून. ते त्यांनी वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली. मागे कोरंच होतं. “हितं पन लिवलेलं नाय,” त्या म्हणाल्या.

अर्ज भरायला पाच दिवस उरले होते तेव्हा अनुष्का माझ्या खोलीत आली. तिच्या हातात माझा प्रबंध होता. ग्रंथालयाच्या कार्डावर पंचवीस वर्षांत एकच नाव होतं, तिचं. तिने पान दोनशे बारा उघडून माझ्यासमोर ठेवलं. मला ते वाचायची गरज नव्हती.

तिथे लिहिलं होतं, की या खाडीतल्या तिसऱ्या मुख्यतः फेब्रुवारी-मार्चच्या सहा आठवड्यांत अंडी सोडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या सर्वांत जास्त वेचल्या जातात. कारणही लिहिलं होतं. त्या दिवसांत ख्रिस्ती घरांत चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मटण वर्ज्य, त्यामुळे तिसऱ्यांना मागणी फार. त्यात दुधाळ तिसऱ्या चवीला सरस. हे सहा आठवडे वेचणी थांबवली नाही तर दहा-पंधरा वर्षांत तिसऱ्या संपतील. आणि खाली शेवटची शिफारस : ‘ही माहिती स्थानिक महिलांना तातडीने कळवावी.’ कोणी कळवावी ते लिहायचं राहिलं होतं. परीक्षकांनी या परिच्छेदाचं विशेष कौतुक केलं होतं.

“सर, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?” अनुष्काने विचारलं.

त्या काळी मोबाइल नव्हते, असं मी म्हणालो. बोलून झाल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं. अनुष्काने पान मिटलं.

खरं सांगायचं तर आधी तोंडी परीक्षा होती, मग नोकरी कायम व्हायची होती, मग फ्लॅटचं चाललं होतं. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक होतं. वर्षातल्या सगळ्यात चांगल्या कमाईचे सहा आठवडे सोडा, हे त्या बायकांना जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या चिडतील, ऐकणार तर नाहीतच. हे मी त्यांना न विचारता त्यांच्या वतीने ठरवून टाकलं आणि मोकळा झालो. पुढे खाडी रिकामी झाल्याचं कळलं तेव्हा मला पान दोनशे बारा आठवलं. पण दुसरीही कारणं असतील, गाळ असेल, पाणी बिघडलं असेल, असं म्हणून मी ते मनातल्या मनात मिटलं. दुसरी कारणं असतीलही. तीच तर अनुष्काला शोधायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुष्काबरोबर बाजारात गेलो. या वेळी हातात फक्त प्रबंध होता. मेरीताई बोंबील साफ करत होत्या. मी त्यांच्यासमोर उलट्या टोपलीवर बसलो आणि पान दोनशे बारा मराठीत सांगितलं. तीन वाक्यांत झालं. एवढ्यासाठी पंचवीस वर्षं लागली, कारण मी तज्ज्ञ आहे.

मेरीताईंचा हात थांबला. त्यांनी विचारलं की हे कधी कळलं. नव्व्याण्णवमध्ये, मी म्हणालो. आनखी कोनाला ठावं होतं? मी म्हणालो, तीन परीक्षकांना. ते हितले? नाही, एक बडोद्याचे, दोन मद्रासकडचे. त्यांनी मान हलवली. मी माफी मागितली. मी हात जोडले होते, आणि वाईट म्हणजे ते जोडल्याचं मला बरं वाटत होतं, की निदान एवढं तरी दिसावं. मेरीताई माझ्याकडे बघत नव्हत्या. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी सहा बोंबील दिले आणि आज ताजे आहेत म्हणून सांगितलं.

मग हात धुऊन त्यांनी अनुष्काकडून पत्र घेतलं. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. आमच्या तेवीस करारांपैकी एकही कोणी असा वाचला नव्हता, मीसुद्धा नाही. खाली जागा होती तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, की जे काय निघेल ते दर महिन्याला येऊन बायकांना सांगायचं. मग सही केली. सांगायला अनुष्काने यायचं, मास्तरांनी नाही, हे तोंडी सांगितलं. अर्जात असं हाताने लिहिलेलं चालत नाही, हे मी त्यांना सांगणार होतो, पण गप्प बसलो. पुढे तो निधी अनुष्काला मिळाला, आणि समितीने त्या हाताने लिहिलेल्या ओळीचीच वाखाणणी केली. समित्यांना अशा ओळी आवडतात, हे मला माझ्या प्रबंधापासून माहीत आहे.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही उठलो, बाजाराच्या तोंडाशी पोचलो. भाव न पटून निघालेल्या गिऱ्हाइकाला कोळीण मागून हाक मारते, तशी मेरीताईंनी मला हाक मारली. मी परत गेलो. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“मास्तर, चाळीस दिस आमी मटन सोडत होतो,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या बी सोडल्या असत्या.”