साहेबांच्या कम्प्युटरला कुलूप

वनहक्काच्या दाव्यांचं काम बघणाऱ्या आमच्या ऑफिसात कम्प्युटर माझ्याकडे होते. जंगलातल्या गावांत जाऊन आम्ही म्हाताऱ्यांचे जबाब मोबाईलवर रेकॉर्ड करायचो. हे शेत कोणी फोडलं, बांध कुठून कुठवर. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचा पुरावा तोच. ते सगळे व्हिडिओ ऑफिसच्या नेटवर्कवर ठेवलेले, म्हणून मी प्रत्येक कम्प्युटरला कुलूप घातलं. माझ्या पासवर्डशिवाय कोणाला काही नवं टाकता येत नसे. कारकून मंडळी कुरकुरली, पण त्यांनी ऐकलं.

साहेबांनी ऐकलं नाही. त्यांना मुलीच्या लग्नाची पत्रिका ऑफिसातच बनवायची होती. त्यासाठी कोणीतरी पेनड्राइव्हवर चोरीचं सॉफ्टवेअर दिलेलं. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं त्यातच लिहिलेलं. म्हणजे चोरानेच कुत्रं बांधून ठेवायला सांगायचं आणि आपण बांधायचं! मी नाही म्हटलं.

“माह्याच कम्प्युटरले कुलूप? काऊन, मी चोर आहो का?” साहेब कडाडले. आणि बाहेरचा माणूस बोलावून त्यांनी कुलूप काढून घेतलं. आपल्याकडे नियम केबिनच्या पडद्यापाशी येतो आणि चपला काढून बाहेरच उभा राहतो.

पत्रिका छान झाली. मलाही आली. पण त्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि त्याच आठवड्यात नेटवर्कवरचा एकही व्हिडिओ उघडेना. बॅकअपची डिस्कही त्याच नेटवर्कला जोडलेली, तीही गेली. वेगळी मागितली होती, तर ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणाले होते. आता बैठकीत साहेब म्हणाले, ऑपरेटरबाईंचं, म्हणजे माझं, लक्ष नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर हुकूम निघाला, जबाब पुन्हा घ्या, त्यात काय मोठं.

मी गेले. पहिल्याच घरी म्हातारीने खाट टाकली, पाणी दिलं. मी म्हटलं, “बाई, बाबांचा जबाब पुन्हा घ्यावा लागते. कम्प्युटरमधून गेला.”

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“बुढा तं पावसाळ्यातच मेला.”

मोबाईल हातात तसाच राहिला. त्या बांधाचं सांगणारा गावात दुसरा कोणी उरला नव्हता. साहेबांना इथे आणून या खाटेवर बसवावं, असं फार वाटलं.

म्हातारी चिडली नाही. हळूच म्हणाली, “तुमीच म्हनलं होतं ना बाई, आता हे कुठीच जात नाई.”