विमान येईस्तोवर

शरणप्पा आमच्या गुलबर्ग्याच्या बिऱ्हाडाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. शरणप्पा म्हणजे निर्ण्याच्या, माझ्या सासरगावच्या, आमच्या गुळाच्या आडतीवरचा जुना माणूस. तो कधी रिकाम्या हाताने येत नाही. गुळाची ढेप, नाहीतर उसाची चार कांडकी, काहीतरी खांद्यावर असतंच. त्या दिवशी खांदा मोकळा होता. मी त्याला काही विचारलं नाही. आत गेले, पितळी तांब्या भरला, वाटीत गुळाचा खडा घातला आणि त्याच्यापुढे ठेवला. आमच्या घरची तशी शिस्तच आहे. आलेल्याने उंबऱ्यावरून काही सांगायचं नाही आणि घरच्यांनी विचारायचं नाही. आधी पाणी, मग बोलणं. शरणप्पाने गूळ तोंडात टाकला आणि तो पाणी पिऊ लागला... सावकाश, घोट घोट, मध्येच थांबून, तांब्याच्या तळाशी काहीतरी शोधत असल्यासारखा. तांब्या संपला तसा खाली मान घालून म्हणाला, "वैनीसाब, आनिक थोडं पाणी द्या." तेव्हाच मला कळलं की अव्वा गेल्या.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं निर्णा त्यांना अव्वाच म्हणायचं. अंगाने आडव्या, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा की आडतीवर हमाल ढेपा मोजताना चुकला तर आतल्या सोप्यातून त्याला ओरडा बसायचा. गिऱ्हाइकाशी कानडी, आमच्याशी मराठी, आणि फारच राग आला तर हैदराबादी उर्दू. माझं माहेर उदगीरचं. कानडी मला त्यांनीच शिकवली, आणि माझं चुकलं की पोट धरून हसायच्या. पण पाण्याच्या त्या शिस्तीत मात्र थट्टेला जागा नव्हती. माझे धाकटे दीर, वीरण्णा भावजी, मॅट्रिकला बसले होते. निकाल घेऊन त्यांचा मित्र धावत दारात आला. त्याला पाटावर बसवलं, गूळ-पाणी दिलं, वर चहा. भावजी खांबाला टेकून घामाघूम. "अव्वा, मला मारायलीस का गं!" असं ते ओरडले तरी अव्वा चुलीपुढून हलल्या नाहीत. पास झालेल्या माणसाला आपण पास झालोय हे चहा संपल्यावर कळलं! मी नवी होते, मला हसू आवरेना. असं का म्हणून एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कामून म्हनून इचारायचं न्हाई." ते का, हे मला नंतर हैदराबादेत, बेगमपेठेच्या विमानतळावर कळलं. ती हकीकत सांगते, पण क्रमाने. घाई केलेली अव्वांना चालली नसती.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे खात्याच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीला गेलेले, आणि मी निर्ण्याला अव्वांजवळ. एका सकाळी हुमनाबादचे आमच्या ओळखीचे दुकानदार धापा टाकत घरी आले. त्यांच्या दुकानी दिल्लीहून तार आली होती. अव्वांनी त्यांच्यापुढेही तांब्या ठेवला, आणि ते भले गृहस्थ पाणी पिता पिताच रडायला लागले. यांचं आतडं फुटलं होतं, घाईघाईने ऑपरेशन केलं होतं, प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा. तारेत गंभीर हा शब्द आला की आमच्या भागात बायका पदर पुढे ओढून घेतात, कारण माणूस गेल्याचं सरळ तारेने सहसा कुणी कळवत नाही. गंभीर आहे म्हणजे अजून आहे, की गंभीर होता म्हणजे आता नाही... हे त्या दुकानदारांना तरी काय माहीत! आगगाडीने दिल्ली गाठायची तर दोन दिवस मोडणार. भावजींनी हैदराबादेतल्या ओळखी लावल्या आणि विमानाच्या दोन जागा मिळवल्या. अव्वांची आणि माझी. बायकांना विमानात एकटं धाडतोय म्हणून गावाने त्यांना वेड्यात काढलं. अव्वा एवढंच म्हणाल्या, "बसू माझा हाय. मी जाते." यांचं नाव बसवराज. मी आजही ते उच्चारत नाही, आज लिहिलं एवढंच.

भावजींबरोबर हैदराबादला जाताना झहीराबादच्या पुढे मोटारीचं टायर फुटलं तेव्हा मी ड्रायव्हरला मनातल्या मनात सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या. रात्र कशी काढली ते आठवत नाही. सकाळी बेगमपेठेला पोचलो. तिथे सामानाबरोबर माणसंही तोलत. अव्वा काट्यावर चढल्या, काटा भलतीकडे गेला तशी म्हणाल्या, "ढेप तोलायलेत जनू." हसावं की रडावं मला कळेना. मग आम्हाला एका दालनात बसवलं. खुर्च्या होत्या, पण अव्वा भिंतीला टेकून खालीच बसल्या आणि मी त्यांच्याजवळ. मोठ्या खिडकीतून बाहेरची धावपट्टी दिसत होती, आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

थोड्या वेळाने एक कारकून आला आणि म्हणाला की मद्रासहून येणारं विमान तिथून अजून उठलेलंच नाही, हवा खराब आहे, थांबावं लागेल. दालनात एकच गलका झाला. सुटातले एक गृहस्थ टेबलावर हात आपटून इंग्रजीत तावातावाने बोलू लागले. भावजी त्यांच्याही पुढे. "हमारा भाई हस्पताल में है, कुछ तो करो साब!" म्हणून ते कारकुनाच्या मागे लागले. कोपऱ्यात फौजेत परत निघालेला एक तरुण शिपाई आपल्या नव्या बायकोबरोबर उभा होता. तीही मान खाली घालून, हाही. उशिराचं ऐकलं आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं... त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं, कारण तेच माझ्या पोटात झालं होतं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं मला हलकं वाटलं. शिपायाचं ठीक होतं, त्याला बायकोपाशी दोन घटका जास्त मिळत होत्या. पण माझं काय? माझा नवरा तिकडे मरणाच्या दारात, कालपर्यंत मला मोटारीचा वेग पुरत नव्हता, आणि आज विमान येत नाही म्हणून मला बरं वाटत होतं. मी कसली बायको, असं मनात आलं. देवाजवळ काय मागावं तेच कळेना. विमान येऊ दे म्हणावं तर जीभ रेटेना, येऊ नको म्हणावं तर पाप.

कारकून पुन्हा आला. अजून नाही, दुपारपर्यंत तरी नाहीच. मी श्वास सोडला. तो जरा मोठ्याने सुटला असावा, कारण अव्वांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "बरं वाटलं तुला, न्हाई का?"

मी घाईने म्हटलं, "न्हाई हो अव्वा, असं कसं..."

"खोटं कामून बोलायलीस? मलाबी वाटलंय."

मी बघतच राहिले. त्यांचा डावा तळहात मांडीवर उघडा होता आणि त्यावर गळ्यातलं इष्टलिंग होतं. पूजा करत होत्या की नुसतंच धरून बसल्या होत्या कोण जाणे. लिंगाकडे बघत बघतच त्यांनी मला सांगितलं. गडबडीच्या साली, म्हणजे रझाकारांच्या दिवसांत, मामंजी गुळाच्या कामाने सोलापूरला गेले आणि नाके बंद झाल्याने तिकडेच अडकले. तिथे ताप आला आणि दोन दिवसांत ते गेले, लिंगैक्य झाले. बातमी घेऊन निघालेला माणूस नाक्यावर अडकून पडला. "हिकडं मला काय म्हाईत? बांगडीवाला आलता दारावर. हिरव्या बांगड्या भरून घेतले. शेजारणीसंगं हसले, पोळ्या केले, पोटभर जेवले. मंग तो मानूस आला, आन दारातच वरडून सांगितला. हातातलं पीठबी धुऊ दिला न्हाई." गावातल्या बायका नंतर बोलल्याच, नवरा तिकडं गेला आन ही हिकडं बांगड्या भरायलती. ते बोलणं त्यांनी फार दिवस मनात ठेवलं, स्वतःचे हात बघायची लाज वाटायची म्हणाल्या. "मंग एक दिवस इचार केले, शरम कामून? तेवढे दिवस मी सवाशीण व्हते की. निरोप्या येगीनं आला असता तर तेबी गेलं असतं माझं. तवापासून दारात कुणाला बोलू देत न्हाई. पाणी पिऊस्तोवर तरी मानसाचं त्याच्यापाशी ऱ्हाऊ द्यावं."

मी म्हटलं, "पण अव्वा, ते आपली वाट बघत असतील तर? आपण हिकडं बसून..."

त्यांनी लिंग कपाळाला लावून पुन्हा गळ्यात ठेवलं. मग म्हणाल्या, "व्हय. ती भीती हायच की पोटात. दोन्हीबी हाय. इमान आलं की मी तुझ्या आधी चढते बघ. पर ते येईस्तोवर माझा बसू हाय, तुझा नवरा हाय. उपाशी कामून बसायलीस? खा." त्यांनी गाठोडं सोडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि गुळाचा खडा. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात अन्न नव्हतं. आम्ही दोघी त्या चकचकीत फरशीवर बसून जेवलो. सुटातले गृहस्थ आमच्याकडे बघत होते. बघोत बापडे. आयुष्यात सासूबरोबर एका फडक्यावर जेवायची ती माझी पहिली वेळ, आणि खरं सांगते, इतक्या भीतीतही मला ती भाकरी गोड लागली.

विमान अखेर आलं. आधी आवाज आला, मग खिडकीबाहेर ते उतरताना दिसलं, आणि सगळे टाळ्या वाजवत उठले. मला मात्र उठता येईना. शिपायाची बायको कठड्याला धरून रडत होती. अव्वा बोलल्याप्रमाणे माझ्या आधी शिडी चढल्या, मागे वळून माझा हात धरला आणि मला वर ओढून घेतलं. वाटेत नागपूरला विमान थांबलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. इथेही उशीर होईल का? नाही झाला. त्यापुढे दिल्लीपर्यंत माझा हात त्यांच्या हातात होता आणि दोन्ही हातांना घाम सुटलेला होता.

दिल्लीला यांच्या खोलीतले सोबती कुलकर्णी आम्हाला न्यायला आले होते. लांबूनच मी त्यांचा चेहरा वाचू लागले. दाढी वाढलेली, डोळे लाल. ते जवळ आले, हात जोडले आणि तोंड उघडणार तोच अव्वांनी गाठोड्यातून पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि उरलेला गूळ काढला. "आधी पाणी पी बाबा." त्यांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? त्यांनी तांब्या घेतला, मान मागे टाकून गटागट रिकामा केला, ओठावरचं पाणी बाहीने पुसलं, तोंडातला गूळ धड चावलाही नाही आणि बोलायला लागले. पण त्यांनी बोलायच्या आधीच अव्वा मटकन खाली बसल्या होत्या. "जित्ता हाय," त्या मला म्हणाल्या. "घाईनं प्यायला बघ... जित्ता हाय माझा बसू." आणि ती आडवी, दणकट बाई परक्या मुलखात, लोकांच्या पायांत बसून ओक्साबोक्शी रडली.

घरी आल्यावर बेगमपेठेचा विषय आम्ही कधीच काढला नाही. पण त्यानंतर निर्ण्याच्या दारात कुणी आलं की अव्वा मला हाक मारायच्या, "तू आन गं तांब्या," आणि आम्ही दोघी त्या माणसाच्या घोटांकडे बघत उभ्या राहायचो. पुढे यांची बदली गुलबर्ग्याला झाली तेव्हा त्यांनी भांड्यांबरोबर तो दिल्लीचा तांब्याही माझ्या सामानात घातला. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्याबी दारात मानसं येतीलच की."

त्या दिवशी शरणप्पाने मग सगळं सांगितलं. सकाळी पूजेला बसल्या त्या उठल्याच नाहीत, हातावर लिंग तसंच होतं. त्याला मी मागच्या पडवीत बसवलं आणि डोळे पुसून दाराशी आले. यांची कचेरीतून यायची वेळ झाली होती. गल्लीच्या टोकाला हे दिसले. हातात भाजीची पिशवी, कुणाशी तरी हसून बोलत येत होते. धावत जाऊन सांगावं असं वाटलं आणि पाय दारातच थबकले. तेवढी गल्लीभर तरी त्यांची आई होती. ते आत आले, टोपी काढली, आणि मी तांब्या पुढे केला. कचेरीत नवा साहेब कसा विसराळू आहे ते सांगत सांगत ते पाणी प्यायले. मी हसलेसुद्धा. मग माझ्या तोंडाकडे बघून ते थांबले. "काय गं, दमलीस का? घे, तूपण पी," म्हणत त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.

मी घाईने प्यायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही. एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला... वर बघायचं धाडस होईना. हे अव्वांच्या दारात वाढलेले. बराच वेळ ते माझ्या घोटांकडे बघत उभे होते. मग भिंतीला धरून हळूहळू खाली बसले, आणि मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"चहा टाक," हे म्हणाले. "सावकाश टाक."