प्रल्हादचा सातवा फ्रेट

बातमी आली तेव्हा मी एका गिटारीच्या तारा उतरवत होतो. पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीच्या मिरवणुकीचा. फोनवर सुनंदा वहिनी होत्या. "भाऊजी, हे उठूनच नाही राहिले," एवढंच म्हणाल्या, आणि मग फोन त्यांच्या हातून कुणीतरी घेतला. नागपुरात सदरमधल्या माझ्या दुकानातून पाचपावलीला प्रल्हादच्या घरी जायला एरवी वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी दीड तास लागला. रस्तोरस्ती गर्दी, ढोल, बडग्याच्या पुतळ्यामागे धावणारी पोरं... शेवटी स्कूटर एका पानठेल्यापाशी टाकली आणि चालत सुटलो. पोचलो तेव्हा बाहेरच्या खोलीत प्रल्हाद चादरीखाली होता आणि त्याच्या डोक्याच्या वर खुंटीला त्याची लाल गिटार. मी आधी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे नंतर. आणि मनात पहिला विचार आला तो असा, की हिचं काम राहून गेलं. मित्र गेल्यावर असला विचार सुचणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, ते वाचकांनी ठरवावं. पण त्या विचारानं मला अजून सोडलेलं नाही. दुकानात बसलो की उठावंसं वाटतं, आणि उठलो की कुठे जायचं ते कळत नाही.

मी गिटारी दुरुस्त करतो, तीसेक वर्षं तेच करतोय. प्रल्हाद पारशिवनीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा आणि उरलेल्या वेळात भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याची दहाही बोटं निळी होती. मी म्हटलं, आधी हात धुवा, मग गिटारीला हात लावू. तो खालच्या नळावर जाऊन आला आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर धरून म्हणाला, "धुतले. आता हा रंग दोन दिवस जात नाही गा, त्याले मी काय करू?" अनोळखी माणसाला थेट 'गा' म्हणून सलगी करणारा हा कोण, म्हणून मला रागच आला होता. पण त्यानं गिटार लावली, दोन मिनिटं वाजवली, आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. त्यानंतर तो दुकानात कधी कामाला आला आणि कधी नुसता बसायला, याचा हिशेब राहिला नाही.

ज्यांनी गिटार कधी हातात धरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तार त्यांच्यावर दाबली की सूर ठरतो. वर्षानुवर्षं दाबून त्या पट्ट्यांवर खाचा पडतात, मग तार चरचरते आणि शेवटी त्या जागचा सूर मरतो. एक उपाय म्हणजे सगळे फ्रेट घासून खाचांच्या पातळीला आणायचे. एका दिवसाचं, स्वस्तातलं काम. पण दोनतीनदा घासलं की फ्रेटच संपतो. मग उरतं ते रिफ्रेटिंग. एकेक फ्रेट गरम करून उपटायचा, लाकडाचा टवका उडू द्यायचा नाही, लाकूड पुन्हा सरळ करायचं, नवे बावीस ठोकायचे, त्यांची टोकं घासायची, आणि नवे फ्रेट उंच म्हणून नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टीही नवी. निकेलचे फ्रेट घेतले तर लवकर झिजतात. स्टीलचे टिकतात, पण ते कापताना माझ्या पकडीची धार जाते, म्हणून मी जास्त घेतो. प्रल्हादची गिटार नऊ हजारांची, तीही जुनी घेतलेली, आणि मी कामाचे साडेसात हजार सांगितले.

"एवढ्यात तर दुसरी गिटार येईन," तो म्हणाला.

"मग घे ना दुसरी."

"तिले हिचा आवाज येईन का?"

"नाही येणार. मग हिचंच कर."

"सध्या घासून दे."

असं तीनदा घासून दिलं. चौथ्यांदा आला तेव्हा घासायला काही उरलेलंच नव्हतं. पैशाचा प्रश्न तोवर मिटला होता, पगार बरा झाला होता, तो स्वतःच म्हणाला की स्टीलचे टाक, एकदाचं होऊन जाऊ दे. तिथे माझा हट्ट आडवा आला. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड इतकं आक्रसतं की फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन हाताला टोचतात. त्यात कूलर सुरू केला की तेच लाकूड ओल पितं. पावसाळ्यात तर फुगतंच. अशा वेळी ठोकलेले फ्रेट पुढे डोकं वर काढतात, असं माझ्या उस्तादांनी मला शिकवलं आणि मी ते कायद्यासारखं धरून बसलो. माझं वाक्य ठरलेलं: दसऱ्यानंतर ये. आणि प्रल्हादचं गणित नेमकं उलटं. एप्रिलभर जयंतीचे कार्यक्रम, ते लांबत लांबत बुद्धपौर्णिमा ओलांडणार. दसरा, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन, तर त्यांचा सगळ्यात मोठा दिवस, आणि त्याच्यानंतर हिवाळाभर गावोगावचे मेळावे. त्याला सवड मिळायची ती फक्त मे संपता संपता, शाळेलाही सुट्टी असायची तेव्हा. दरवर्षी तो मे महिन्यात यायचा, मी दरवर्षी त्याला दसरा सांगायचो, आणि दसऱ्यानंतर तो रामटेककडच्या कुठल्यातरी गावात मंचावर असायचा. आठ वर्षं हे चाललं. आम्ही दोघं यावर हसायचोही.

या आठ वर्षांत त्याचं एक नाव झालं. त्यांच्या पार्टीचं एक गाणं होतं, त्याच्या सुरुवातीला गिटारीचा तुकडा येतो. बाकीचे गिटारवाले तो तुकडा सरळ चढत वाजवतात. प्रल्हाद मध्येच तार सोडायचा, खालच्या सुराच्या तारेवर जायचा आणि तिथून घसरत, लांबवत वरचा सूर गाठायचा. लोक त्याला प्रल्हादची मींड म्हणत. ती सुरू झाली की पुढच्या रांगेतल्या बाया टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या पार्ट्यांची पोरं फोनवर चित्रण करून नेत आणि नक्कल करत. मीही एकदा भर मंडपात त्याची पाठ थोपटून म्हणालो होतो, "हे कुठून सुचलं तुले?" तो नुसता हसला. म्हणाला, "सुचलं कसंतरी."

या मे महिन्यात तो आला तेव्हा दुकानात कूलरचा घरघराट होता. गिटार बाकावर ठेवली आणि म्हणाला, "यंदा करूनच दे गा, राजाभाऊ." एरवी तो आधी चहा मागायचा, पेपर चाळायचा, माझ्या गिऱ्हाइकांची टर उडवायचा. त्या दिवशी उभाच होता. मी न पाहताच म्हटलं, मे महिन्यात? इतक्या वर्षांत कळलं नाही का? दसऱ्यानंतर ये. त्यानं वाद घातला असता तर... पण तो वाद घालणारा माणूसच नव्हता. "बरं," म्हणाला. गिटार पिशवीत घातली, चेन ओढली, पायऱ्या उतरला. मी 'काहून, यंदाच का?' असं विचारायला हवं होतं. आठ वर्षांत कधी 'करूनच दे' असं तो म्हणाला नव्हता. माझं लक्ष पकडीकडे होतं.

पुण्यानुमोदनाचा, त्याच्या आदरांजलीचा कार्यक्रम झाल्यावर चार दिवसांनी सुनंदा वहिनी आणि त्यांची मुलगी प्रज्ञा दुकानात आल्या. प्रज्ञा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिशवी तिच्या खांद्याला होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दसऱ्याले हिच्या बाबांच्या जागी हीच वाजवून राहिली. पार्टीवाले तयार आहेत." मग पिशवीवर हात ठेवून, "मे महिन्यात हिच्यासाठीच तर करून मागत होते ते. म्हणत होते, पोरीच्या हाती खराब वाजा काहून द्यायचा." त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. दसरा तीन आठवड्यांवर होता. बाहेर पाऊस पडत होता, हवा दमट, लाकूड फुगलेलं. मी म्हटलं, ठेवा, आठ दिवसांत देतो. जे वाक्य ऐकायला तो आठ वर्षं जिना चढला, ते त्याच्या मुलीला पहिल्या मिनिटात मिळालं.

काम सुरू करण्यापूर्वी मी गिटार मांडीवर घेऊन जुने फ्रेट बघत बसलो. झिजलेल्या फ्रेटवरून माणूस काय वाजवतो ते कळतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या तारेखालचा सातवा फ्रेट पार बसला होता, जवळजवळ लाकडाला टेकलेला. तिथे तार दाबली तर सूर नाहीच, नुसता खडखड आवाज. त्या गाण्यातला तुकडा सरळ वाजवायचा तर सातव्यावरूनच जावं लागतं. मी बोट पुढे सरकवलं. तिसऱ्या, म्हणजे त्या खालच्या सुराच्या तारेखाली, अकराव्या फ्रेटवर, एक लांबट, गुळगुळीत खाच होती, बाकीच्यांहून ताजी. सातव्यावर मेलेला सूर तोच तिथे मिळतो. मी ते दोनदा, तीनदा वाजवून पाहिलं... मग गिटार बाकावर ठेवली आणि दुकानात येरझाऱ्या घालत राहिलो. मींड त्याला सुचलेली नव्हती. मी 'दसऱ्यानंतर ये' म्हणून परत पाठवलेल्या माणसानं मेलेल्या सुराला घातलेला तो वळसा होता, आणि मी त्याचीच पाठ थोपटली होती. त्यानं मला ते सांगितलं नाही. माझी लाज राखली असेल, किंवा त्याला खरंच ते आवडायला लागलं असेल. आता कुणाला विचारू?

फ्रेट मी स्टीलचेच घातले. दुकानाची दारं लावून घेतली, कोपऱ्यात शंभरचा बल्ब दोन दिवस पेटता ठेवून खोलीतली ओल मारली, आणि मग ठोकायला घेतले. एवढं साधं होतं. मे महिन्यातही कूलर बंद करून, ओलं फडकं टांगून हवेतली ओल सांभाळत, होऊ शकलं असतं. उस्तादांचं शिकवणं खोटं नव्हतं, पण त्याच्या आडून मी माझा आळस आणि माझा ताठा जपला, हे कबूल करायला आता हरकत नाही. पैसे वहिनींनी पुढे केले. मी घेतले नाहीत, आणि न घेऊनही काही हलकं वाटलं नाही.

प्रज्ञा गिटार न्यायला आली. मी म्हटलं, बसून वाजवून बघ, कुठे अडलं तर सांग. तिनं तोच तुकडा सुरू केला. डोळे मिटलेले, बापासारखा डावा खांदा किंचित उचललेला. सुरुवात सरळ झाली आणि मग सातव्याच्या अलीकडे तिनं तार सोडली, खालच्या तारेवर गेली, आणि घसरत, लांबवत वर चढली.

"तिथं सरळ जा ना वं," मी म्हणालो. "आता सातवा चांगला झाला आहे. वळसा काहून घेतेस?"

तिनं डोळे उघडले. "बाबा म्हणत होते, तिथं रस्ता खराब आहे, खालून जायचं."

"आता रस्ता दुरुस्त झाला."

तिनं सातव्यावर बोट ठेवलं, सूर वाजवला. स्वच्छ, खणखणीत सूर. दोनदा वाजवला आणि मान हलवली. "छान आहे काका. पण मले गाणं असंच येते."

दसऱ्याला मी मंडपात मागे उभा होतो. बसवत नव्हतंच. ते गाणं आलं, गिटार सुरू झाली, आणि त्या जागेशी येताच पुढून टाळ्या उठल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला कोपर मारून सांगितलं, "ही प्रल्हादची मींड होय." मी हो म्हणालो. सबंध गाण्यात तिनं सातव्या फ्रेटला एकदाही हात लावला नाही. तो फ्रेट आता बरीच वर्षं टिकेल.